जिप्सीत बाळ कुठे बसणार?

मागच्या भागात आपण घाट उतरताना ब्रेक का तापतात ते पाहिलं. आजही विषय गाडीचाच आहे, फक्त प्रवासी वेगळा आहे. वजन चार किलोच्या आतबाहेर, मान धरता येत नाही, आणि त्रास झाला तर रडण्यापलीकडे सांगता येत नाही.

आधी भूगोल सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं हल्द्वानीत राहतो. लेक आणि जावई मुक्तेश्वरच्या बाजूला. जावई कुमाऊँचाच, घरची सफरचंदाची बाग सांभाळतो. हल्द्वानीहून भीमताल, भवाली, रामगढ करत जाणारा डांबरी रस्ता सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा आहे. हल्द्वानीची उंची सव्वाचारशे मीटरच्या आसपास, मुक्तेश्वरची बावीसशेच्या वर. डांबर संपलं की त्यांच्या घरापर्यंत सव्वा किलोमीटर कच्चा चढ, दगड आणि पावसाळ्यात चिखल. त्यांची छोटी हॅचबॅक डांबराच्या टोकाशी एका दुकानदाराच्या अंगणात उभी असते. घरापर्यंत जाते ती फक्त माझी जिप्सी.

जिप्सी म्हणजे मारुतीची जिप्सी किंग, तेराशे सीसीची, २००७ सालची, कॅनव्हासच्या छपराची. नोकरीत असताना मी असल्या गाड्यांत इतका बसलो की निवृत्तीनंतर दुसरं काही घ्यावंसं वाटलंच नाही. पाटे बदलून ती दोन इंच उचलली होती, मोठे टायर टाकले होते. लेकीला ऑक्टोबरची तारीख मिळाली तेव्हा मी वही काढली. बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. सव्वा महिन्यानंतर मायलेकरू वर जाणार, आणि नेणार मी, जिप्सीतून. म्हणून यादी केली: पुढे जाड लोखंडी बंपर, त्यावर विंच, छपरावर कॅरिअर, जास्त प्रकाशाचे दिवे, नवे शॉक अॅब्सॉर्बर. मिस्त्रीने अंदाज सांगितला एक लाख ऐंशी हजार. आजोबांकडून बाळाला भेट!

लेकीने यादी वाचली आणि विचारलं, "बाबा, यात बाळ कुठे बसणार?"

मी म्हटलं, "आईच्या मांडीवर. तूही तशीच आलीस की."

हे मी बोललो आणि स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. काही न बोलता तिने उजवा कोपर आमच्यासमोर धरला. त्यावर एक जुनी खूण आहे. १९८९ साली दहा दिवसांच्या लेकीला घेऊन आम्ही लष्करी दवाखान्यातून क्वार्टरकडे येत होतो. युनिटची जोंगा, मी स्वतः चालवत होतो, बायको शेजारी, मांडीवर लेक. जोंगा ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जबलपूरला बनणारी आपल्या सैन्याची दणकट गाडी. वाटेत म्हैस आडवी आली. वेग फार नव्हता, चाळीससुद्धा नसेल. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, कुणाला धडकलो नाही. पण बायको पुढे गेली आणि तिचा कोपर डॅशबोर्डच्या पत्र्यावर आपटला. बाळाचं डोकं आणि पत्रा यांच्यामध्ये तेवढा कोपरच होता. तीन टाके पडले. मी ती गोष्ट पुढे मेसमध्ये म्हशीचा किस्सा म्हणून सांगत आलो. बायकोने मात्र ती तशी कधीच सांगितली नाही.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली आणि निराळा हिशोब केला. तो तुम्हालाही करून दाखवतो.

गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर काही धडकलं आणि गाडीचा पुढचा भाग चेपत चेपत ती ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, असं धरू. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे शाळेतलं सूत्र लावलं तर मंदन येतं गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट. म्हणजे त्या क्षणी चार किलोचं बाळ चौसष्ट किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. चौसष्ट किलोचं पोतं अचानक हातातून सुटू लागलं तर तुम्ही धराल का? मी सैन्यात होतो, मी धरू शकणार नाही. आईच्या प्रेमाचा इथे प्रश्न नाही, मनगटाचा आहे. आणि आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचं वजनही मागून बाळावर येतं.

आता त्यात माझा लोखंडी बंपर घाला. गाडी चेपण्याची जागा साठवरून तीस सेंटिमीटरवर आली तर झटका दुप्पट होतो. बंपर वाचतो, हेडलाइट वाचतो, आतला माणूस जास्त मार खातो. एअरबॅगच्या गाडीत असा बंपर सेन्सरच्या हिशोबातही गडबड करू शकतो, आणि पायी चालणाऱ्याला तो गाडीपेक्षा जास्त लागतो. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असल्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं ते याचसाठी. यादीतली पहिली ओळ मी खोडली.

मांडी नाही तर मग कुठे? तान्ह्या बाळाची जागा म्हणजे मागे तोंड करून बसवलेली चाइल्ड सीट. मागे तोंड का, हे नीट समजून घ्या, कारण बाळाचं तोंड दिसत नाही म्हणून ती सीट वळवणारे आजी-आजोबा मी पाहिले आहेत. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव असतं, आणि मानेचे स्नायू व हाडं कच्ची असतात. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्याने थांबतं आणि ते जड डोकं मानेवरून पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं एकदम सीटच्या कवचात दाबले जातात आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. युरोपातल्या नव्या नियमात, ज्याला आर १२९ म्हणतात, किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. आपल्याकडे चाइल्ड सीटसाठी एआयएस ०७२ हे मानक आहे. आणि कायदा म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ बप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. हा दंड भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

लेकीने सीट मागवली. ती घेऊन मी जिप्सीपाशी गेलो, आणि इथे खरी अडचण सुरू झाली.

जिप्सीला मागे समोरासमोर दोन आडवे बाक असतात. माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, जवानांसाठी ते ठीक आहे. चाइल्ड सीट आडव्या बाकावर लावायची नसते. तिची सगळी रचना पुढून-मागून येणाऱ्या झटक्यासाठी आहे, कुशीवरून येणाऱ्यासाठी नाही. शिवाय त्या बाकांना पट्टेही नाहीत. राहिली पुढची सीट. जिप्सीत एअरबॅग नाही, त्यामुळे एक धोका तरी नव्हता. ज्यांच्या गाडीत पुढे चालू एअरबॅग आहे त्यांनी मागे तोंड केलेली सीट पुढे कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडताना थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते आणि त्यात जीव जाऊ शकतो. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता म्हणून मी लावून पाहिली. पट्टा सीटला वळसा घालून कुलपापर्यंत पोचेना, चार बोटं कमी पडला. पट्टा जोडून लांब करणारे तुकडे बाजारात मिळतात. चाइल्ड सीटसाठी ते वापरू नका.

मग मी मिस्त्रीला म्हटलं, मागचे बाक काढ, पुढे तोंड असलेली सीट बसव, तीन टोकांचे पट्टे लाव. हा बदल पुष्कळ जिप्सीवाले करतात. आमचा मिस्त्री चाळीस वर्षांचा अनुभवी माणूस, हात सोन्याचा. तो फरशीच्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाला, "साहब, वेल्ड तो पक्का मार दूँगा, पर लिखके नहीं दूँगा." मला त्याचं हे उत्तर फार आवडलं. कंपनीतून येणाऱ्या मोटारीत पट्टा जिथे अडकतो ती जागा तपासताना एकेका टोकाच्या पट्ट्याला सुमारे साडेतेरा हजार न्यूटनचा ओढा देतात, म्हणजे जवळजवळ चौदाशे किलोचं वजन टांगल्यासारखं. जिप्सीच्या मागच्या फरशीला बोल्ट मारून, खाली लोखंडी पट्टी ठेवून हा ओढा सहन होईल का? कदाचित होईल. पण ते कळण्याची वेळ एकदाच येते. कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पाहिला, तर कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा मोठा बदल तुम्ही आपल्या मनाने करू शकत नाही. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

आता उंचीचं बोलू, कारण गाडी उचलणं हा आपल्या मंडळींचा लाडका विषय आहे. माझे टायर २३५/७५ आर १५, मूळचे २०५/७० आर १५. व्यास ६६८ मिलिमीटरवरून ७३४ झाला. अॅक्सल ३३ मिलिमीटर वर गेला, पाट्यांमुळे आणखी ५०. अंग एकूण आठ सेंटिमीटर वर. हिशोबासाठी धरा की दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागलं की उत्तर येतं १. गुरुत्वमध्य ७३वर नेला तर ०.८९. हा आकडा जितका कमी तितकी गाडी वळणावर आडवी पडायला सोपी. छपरावर कॅरिअर आणि त्यात बाळाचं बोचकं, गादी, सिलिंडर भरला तर तो आणखी घसरतो. नेमकी बाळाच्या सामानासाठीच मी कॅरिअर लावणार होतो!

मोठ्या टायरची अजून एक खोड आहे. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४४ने पळत असते, कारण एका फेरीत चाक दहा टक्के जास्त अंतर जातं. ब्रेकही तेवढाच कमकुवत होतो. डिस्क तीच, पण चाकाचा दांडा लांब झालेला असतो.

आणि कॅनव्हास. मागचा पडदा उघडा ठेवून चालवलं की गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. मोठ्यांचं डोकं दुखतं, आपण म्हणतो घाट लागला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पडदा लावून घेतला तरी अठरा वर्षांच्या गाडीच्या फरशीत भोकं असतात, माझ्या गाडीत दोन सापडली.

थोडक्यात, ऑगस्टच्या मध्यापर्यंत माझी यादी उलटी झाली होती. मिस्त्रीकडून मी जिप्सी परत मूळ उंचीवर आणली, कंपनीच्या मापाचे ऑल टेरेन टायर टाकले, ब्रेकच्या पाइपलाइन आणि ड्रम बदलले, फरशीची भोकं बुजवली, सायलेन्सर नवा घातला. मागच्या पाट्यांत मी कधीतरी जड सामानासाठी एक जादा पान टाकलं होतं, ते काढलं. जिप्सी मुळात पाचशे किलो वजन घेऊन धावायला केलेली आहे, रिकामी असली की ती बकरीसारखी उड्या मारते. एक पान काढल्यावर आणि टायरची हवा कच्च्यावर थोडी उतरवल्यावर पाठीला फरक लगेच कळतो. विंचऐवजी एक चांगला ओढदोर, दोन शॅकल आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर घेतला. खर्च अंदाजाच्या निम्म्याहून कमी झाला. गाडी चांगली झाली, पण बाळाची झाली नाही. हे मान्य करायला मला तीन आठवडे लागले.

तुमच्याकडे नवी गाडी असेल तर तुमचं काम सोपं आहे. २०१०ची पहिली थार आणि २०२०ची थार यांत बाळाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जुनीत मागे आडवे बाक, नवीत पुढे तोंड केलेल्या सीटा आणि आयसोफिक्स. आयसोफिक्स म्हणजे सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. चाइल्ड सीट त्यांत खटकन अडकते. तिसरा आधार म्हणून सीटच्या मागचा पट्टा किंवा पुढे जमिनीवर टेकणारा पाय असतो. तो पाय टणक फरशीवर टेकला पाहिजे. आपण टाकतो ते जाड फोमचे मॅट त्याच्याखाली नकोत. मात्र तीन दारांच्या थारमध्ये पुढची सीट वाकवून मागे शिरावं लागतं. पोटावर टाके असलेल्या बाळंतिणीला सीटसकट बाळ आत ठेवायला सांगून बघा. म्हणून कुणी विचारलं तर मी पाच दारांची सांगतो, जिम्नी किंवा थार रॉक्स. आणि घेतल्यावर वर्षभर तिला काहीही लावू नका.

सीट बसवल्यावर तिला पट्ट्याच्या जागेपाशी धरून हलवा, एक इंचाहून जास्त हलायला नको. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. डोंगरात थंडी म्हणून आपण बाळाला जाड जॅकेट घालतो आणि वरून पट्टा लावतो, ते चूक. धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला पडतो. पातळ कपडे, पट्टा घट्ट, आणि पांघरूण वरून.

एक गोष्ट डोंगरातल्या लोकांसाठी, जी सीटच्या पुस्तिकेत मला दिसली नाही. तान्ह्या बाळाची सीट साधारण पंचेचाळीस अंशांत रेललेली असते. गाडी चढाला लागली की तिचं नाक वर होतं. बाळाचं डोकं नाकाच्या बाजूला, म्हणजे तेही वर जातं आणि बाळ जास्त उभं बसतं. सहा फुटांना एक फूट असा चढ असेल तर नऊ-दहा अंशांचा फरक पडतो. मग हनुवटी छातीवर टेकते आणि तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो. उतारावर उलटं, बाळ आडवं होतं. म्हणून चढावर मागे बाळाशेजारी मोठं माणूस हवंच, आणि त्याने मोबाइलकडे नाही, हनुवटीकडे बघायचं. पहिल्या काही आठवड्यांत मी अर्ध्या तासाहून जास्त एका दमात चालवत नाही. थांबायचं, बाळाला सीटमधून बाहेर काढायचं, सपाट निजवायचं, पाजायचं. पाजण्याचा दुसरा फायदा म्हणजे गिळताना कानातले दडे सुटतात. आमच्या डॉक्टरबाईंनी सव्वा महिन्यानंतर तपासून मगच वर जायची परवानगी दिली. कमी दिवसांच्या किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाला उंचीवर नेण्याआधी हे विचारलंच पाहिजे.

शेवटी आम्ही काय केलं? नोव्हेंबरअखेर निघालो, दोन गाड्या. पुढे जावयाची हॅचबॅक, तिला आयसोफिक्स आहे, हे आम्हाला सहा वर्षांनी सीटच्या फटीत हात घातल्यावर कळलं. मागच्या सीटवर नात आणि शेजारी लेक. तिच्या मागे मी जिप्सीत, बायको, गादी, बाळंतविड्याची पेटी, डिंकाचे लाडू आणि दोन सिलिंडर. तीन तासांचा रस्ता साडेपाच तासांत. भीमताल, भवाली आणि रामगढला मोठे थांबे, मधे जागा दिसेल तिथे लहान.

डांबराच्या टोकाला हॅचबॅक नेहमीच्या अंगणात लावली. लेकीने बाळाला छातीशी बांधलं, मानेला आधार देणाऱ्या झोळीत, तोंड मोकळं आणि डोळ्यांना दिसेल असं. बायको आणि जावई तिच्या दोन्ही बाजूंना. सव्वा किलोमीटर चालत, मधे दोनदा दगडावर बसून, पाऊण तासात घरी. मी जिप्सी लो गिअरमध्ये घालून पुढे गेलो आणि चूल पेटवून ठेवली.

विंचचे वाचलेले पैसे मी त्या कच्च्या रस्त्यात घातले. वाटेत दोन जागा आहेत जिथे पाणी रस्ता कापून नेतं. तिथे पाइप टाकून वर दगड बसवले, एक जेसीबी दीड दिवस लावला. आता कोरड्या दिवसांत हॅचबॅक घरापर्यंत येते. पावसाळ्यात नाही, तेव्हा चालतात.

जिप्सी विकली नाही. सफरचंदाच्या पेट्या, खताची पोती आणि सिलिंडर तीच वर नेते. नात अधूनमधून तिच्या बोनेटवर बसते. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला, आणि मी धरलेलं.

पुढच्या भागात टायरची हवा: कुठे किती उतरवायची आणि परत कधी भरायची.